चाळीस माणसांत एकटी: वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसांना सोबत कशाने मिळते?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. माझी आई ८१ वर्षांची आहे. गेल्या चवथीच्या आदल्या आठवड्यात ती डिचोलीच्या घरी न्हाणीत पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. पणजीत आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही दोघेही नोकरी करतो. शस्त्रक्रियेनंतर चार महिने घरी बाई ठेवून पाहिली. त्या चार महिन्यांत तीन बाया बदलल्या. शेवटी आईशी बोलून, तिच्या संमतीने, तिला बार्देशातल्या एका वृद्धाश्रमात ठेवले. त्याला आता सहा महिने होतील.

जागा चांगली आहे. स्वच्छता आहे, पेज वेळेवर मिळते, आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात आणि कर्मचारी उद्धट नाहीत. चाळीसेक माणसे तिथे राहतात. तरीही मी दर रविवारी गेले की ती व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी एकटी बसलेली असते आणि निघताना एकच वाक्य बोलते, "हांगा सगळें आसा, पूण म्हजें अशें कोण ना." (इथे सगळे आहे, पण माझे असे कोणी नाही.)

वृद्धाश्रमात ठेवावे की ठेवू नये, ही चर्चा इथे नको, कारण तो निर्णय झालेला आहे. ज्यांची माणसे अशा ठिकाणी राहतात, जे तिथे काम करतात किंवा स्वतः राहतात, त्यांच्याकडून मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की चाळीस माणसांत माणूस एकटा का पडतो, आणि तुमच्या पाहण्यात त्याला सोबत मिळाली असेल तर ती कशाने मिळाली. रविवारचे माझे दोन तास असतात. ते मी कसे वापरू?

कुळागर

ताई, चर्चा नको म्हणालात तरी राहवत नाही म्हणून लिहितो. डिचोलीच्या घरातच, आपल्या तुळशीपुढे, शेजाऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर त्यांना ठेवता आले नसते का? आमच्या गोव्यात म्हाताऱ्या माणसांना बाहेर ठेवण्याची रीत कधी नव्हती.

अबोली

कुळागर, ताईंनी हा प्रश्न विचारलेलाच नाही.

मांडवीकाठ

कुळागर, राग नाही. डिचोलीला आमच्या वाड्यावर आता सहा घरांपैकी चार घरांना कुलूप आहे. एका घरातली मुले लंडनला आहेत, एका घरातली दुबईला, आणि उरलेली दोन वास्कोला राहायला गेली. हाकेच्या अंतरावर शेजारी होते तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पडल्यानंतर आई सकाळी सातपासून दूधवाला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तासभर, न्हाणीत ओरडत होती आणि कोणालाही ऐकू गेले नाही.

परिचारिका

मी फोंडा तालुक्यातल्या वृद्धाश्रमांत चौदा वर्षे काम केले आहे. ताईंच्या प्रश्नाला थेट उत्तर देते, आणि सुरुवात मनापासून न करता कानांपासून करते.

आईचे कान तपासून घ्या. नवा माणूस गप्प बसू लागला की घरचे म्हणतात, मन लागत नाही. पण निम्म्या वेळा त्याला समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येत नसते, दोनदा "काय?" म्हणून विचारायची लाज वाटते आणि तिसऱ्या वेळी तो मान हलवून हसतो. पंधरा दिवसांनी शेजारचा माणूस त्याच्याशी बोलणे सोडून देतो. कधी कानात नुसता मळ साठलेला असतो, कधी यंत्राची बॅटरी संपलेली असते आणि कोणाच्या लक्षात आलेले नसते. दातांचेही तसेच आहे. कवळी सैल झालेली माणसे चारचौघांत जेवायला बसायचे टाळतात, आणि जेवणाचे टेबल सुटले की ओळख होण्याची जागाच सुटते.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे काम करणाऱ्या बऱ्याच मुली झारखंड आणि ओडिशातून आलेल्या होत्या. कष्टाळू आणि मायाळू मुली, पण त्यांना कोंकणी येत नव्हती आणि आमच्या आज्यांना हिंदी येत नव्हती. दिवसभरात ज्या माणसाचा हात अंगाला लागतो, त्याच्याशीच बोलता येत नाही, याचे दुःख फार मोठे असते. मी स्वयंपाकघराच्या दारावर तीसेक शब्द देवनागरीत लिहून लावले होते. पेज, न्हाण, दुखता, थंडी, पोटांत, चल्लो, चली. त्या मुलींनी ते शिकून घेतले. आज्या त्यांचे उच्चार सुधारू लागल्या, आणि त्या सुधारण्यातच त्यांचे बोलणे सुरू झाले.

आणि ताई, रविवारी जाऊ नका. रविवारी सगळ्यांचीच माणसे येतात. संध्याकाळी पाच वाजता गाड्या निघून गेल्या की आश्रमात जी शांतता पसरते, ती मी चौदा वर्षे ऐकली आहे. ज्यांच्याकडे कोणी आलेले नसते ती माणसे त्या दिवशी जेवत नाहीत. जमले तर बुधवारी जा, आणि दर बुधवारी त्याच वेळी जा.

मानकुराद

परिचारिकाताईंच्या अनुभवाला जोडून थोडे वाचलेले सांगतो. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, आजूबाजूला आपला गोतावळा नसणे. दुसरा, जवळचे असे एक माणूस नसणे. पहिला प्रकार मंडळाने, भजनाने, शेजाराने भरून निघतो, पण दुसरा त्याने भरत नाही, मग तिथे चाळीस माणसे असोत की चारशे. ताईंच्या आईंनी "म्हजें अशें कोण ना" म्हटले, म्हणजे त्यांनी हा भेद स्वतःहून अचूक सांगितला आहे.

बसण्याच्या जागेविषयीही एक प्रयोग झालेला आहे. १९५८ साली कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात सॉमर आणि रॉस या दोघांनी वृद्ध स्त्रियांच्या एका वॉर्डात भिंतीला लावून ओळीने मांडलेल्या खुर्च्या हलवल्या आणि त्या लहान टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला बायकांनाही ते आवडले नाही आणि कर्मचाऱ्यांनाही नाही. काही आठवड्यांनी मोजले तेव्हा आपसांतले बोलणे जवळजवळ दुप्पट झालेले होते. आपल्याकडच्या कोणत्याही वृद्धाश्रमाचा हॉल डोळ्यांपुढे आणा. भिंतीला पाठ लावून खुर्च्या असतात आणि सगळ्यांची तोंडे टीव्हीकडे असतात. शेजारच्याशी बोलायचे तर मान वळवावी लागते, आणि ऐंशीव्या वर्षी मान वळत नाही.

बल्कांव

मी ७९ वर्षांचा निवृत्त मराठी शिक्षक आहे. पत्नी गेल्यानंतर गेली पाच वर्षे सासष्टीतल्या एका वृद्धाश्रमात राहतो. मोबाइलवर एका बोटाने टंकतो, त्यामुळे हे लिहायला दोन दिवस लागले आहेत.

गोव्यातल्या जुन्या घरांना बल्कांव असतो, हे इथल्या सर्वांना ठाऊक आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सोपे, म्हणजे बसायचे ओटे, असतात आणि पुढून वाट जाते. आमच्या गावात माणूस म्हातारा झाला की तो सोप्यावर बसत असे. त्याला कोणी मुद्दाम भेटायला येत नसे. पोदेर पाव देऊन जाई, शाळेची मुले जात, कोणी बाजाराला निघालेला थांबून "जेवलात?" असे विचारी आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जाई. त्या दोन शब्दांनी दिवस चालत असे. आश्रमात आमच्या दारावरून कोणी जात नाही. इथे जो येतो तो कोणाला तरी भेटायलाच येतो, आणि तो आपल्याकडे आलेला नसला तर आपण त्याच्याकडे पाहायचेही टाळतो.

मी पहिले पाच महिने कोणाशी बोललो नाही. माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर एक ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांनी तीस वर्षे बोटीवर स्वयंपाकी म्हणून काम केले होते आणि मधुमेहाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आमचे काहीच जुळणारे नव्हते. त्यांचे वाचन रोमी लिपीतल्या कोंकणीचे, माझे देवनागरीतल्या मराठीचे. एका सकाळी मी वर्तमानपत्र उघडलेले त्यांनी आवाजावरून ओळखले आणि विचारले, "मास्तर, कोण कोण मेले?" मी निधनवार्ता वाचून दाखवल्या. मराठीतून वाचत आणि कोंकणीतून सांगत गेलो. दुसऱ्या दिवशी ते सहा वाजल्यापासून खाटेवर बसून राहिले होते. मग रोज निधनवार्ता, मग मासळीचे भाव, मग अग्रलेख, असे आमचे दीड तासांचे वाचन झाले. अग्रलेखावर भांडणे होत. माझी कोंकणी फार मराठी झाली आहे, असे ते म्हणत आणि शब्द सुधारून देत. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द सुधारले होते. त्यांनी माझे सुधारले तेव्हा मला बरे वाटले, याचे मलाच नवल वाटले.

हे लिहिण्याचे कारण पुढे आहे. गेल्या पावसात त्यांना रात्री रुग्णालयात नेले आणि ते परत आले नाहीत. आश्रमाने मला दोन दिवस काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची सामानाची पेटी नेली, चौथ्या दिवशी त्या खाटेवर दुसरे गृहस्थ आले. व्यवस्थापकांचा हेतू वाईट नव्हता, आम्हाला त्रास होऊ नये म्हणून इथे मृत्यूची गोष्ट काढत नाहीत. पण ज्याला मी दोन वर्षे रोज निधनवार्ता वाचून दाखवल्या, त्याची निधनवार्ता मी एकट्याने वाचली. त्यानंतर पुन्हा कोणाशी जवळीक करायची नाही, असे मी ठरवले होते. इथली अनेक माणसे गप्प असतात ती याच कारणाने. त्यांना माणसे नको असतात असे नव्हे. आणखी एक खाट रिकामी झालेली त्यांना पाहायची नसते.

म्हणून वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की आम्हाला आमच्या सोबत्यांच्या मातीला जाऊ द्या. खुर्चीवर बसवून न्या, पण न्या.

अबोली

मास्तर, तुमचे लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही. तुम्ही दोन दिवस खर्चून हे लिहिलेत याबद्दल आभार.

तारवटी

मी सध्या बोटीवर आहे आणि नेट मिळेल तसे वाचतो. बल्कांवकाकांनी बोटीवरच्या स्वयंपाक्याचे लिहिले आणि मन गलबलले, कारण माझी आई पेडण्याकडच्या एका आश्रमात आहे आणि मी वर्षातले आठ महिने पाण्यावर असतो.

ताई, व्हिडिओ कॉलवर मी पहिले वर्षभर "जेवलीस? गोळ्या घेतल्यास? झोप लागली?" एवढेच विचारत असे आणि तीन मिनिटांत दोघांचेही बोलणे संपत असे. गेल्या चवथीला बायकोला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान आठवेना म्हणून मी आईला फोन लावला. तिने एकेक नाव सांगायला सुरुवात केली, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचे शिपटें, मग कोणते कोणत्या डोंगरावर मिळते, कोणते कोणाच्या परसात असे, आणि कोणती वस्तू नसेल तर तिच्या जागी काय बांधावे. पाऊण तास गेला. शेवटी तिने मला दटावले की एवढे दिवस हे विचारले का नाही. तेव्हापासून मी तिची चौकशी कमी करतो आणि तिला विचारतो जास्त. घराच्या भिंतीला ओल आली तर काय करायचे, अमुक नात्यातल्या लग्नाला किती आहेर द्यायचा, मुलगी ऐकत नाही तर काय सांगायचे, असे सगळे विचारतो. ती उत्तरे देते आणि पुढच्या फोनला तिचे ऐकले की नाही याचा जाब घेते.

मानकुराद

तारवटी, तुम्ही जे केलेत त्याचे मूळ बरोबर त्या ठिकाणी आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात असे केले की एका मजल्यावरच्या माणसांना प्रत्येकी एक रोप निवडायला दिले आणि त्याची निगा तुमची तुम्ही राखायची असे सांगितले, तर दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली पण त्यांना पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि अधिक मिसळणारी झालेली दिसली. पुढे १९९१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये बिल थॉमस या डॉक्टरने दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणून ठेवले. अशा निवासांतल्या माणसाला तीन गोष्टी मारतात, एकटेपणा, असहायता आणि कंटाळा, असे त्याचे म्हणणे होते. सोबत मिळणे हा त्यातल्या फक्त पहिल्या गोष्टीवरचा उपाय आहे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे दुसऱ्या गोष्टीवरचे औषध आहे आणि ते आपण देत नाही.

नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात ह्युमॅनिटास नावाचे वृद्धनिवास आहे. तिथे काही विद्यार्थी भाडे न देता राहतात आणि त्याच्या बदल्यात महिन्याला ३० तास वृद्धांचे चांगले शेजारी म्हणून घालवतात. गोव्यात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांना खोल्या परवडत नाहीत आणि वृद्धाश्रमांत बोलायला माणूस नाही. हे इथे का होऊ नये?

परिचारिका

मानकुराद, कल्पना चांगली आहे, पण मी पाहिलेले विद्यार्थी वेगळे आहेत. ते बसने येतात, फळे वाटतात, दोन गाणी म्हणतात, प्रत्येक आजीच्या गळ्यात हात घालून छायाचित्र काढतात आणि दीड तासाने जातात. मुलांचा दोष नाही, त्यांना तसेच आणले जाते. आमच्या एक आजी त्यांना "फोटोवाले" म्हणत आणि ते यायचे असले की अंगावर चादर ओढून घेत. एकदाच येणारी शंभर माणसे आणि दर आठवड्याला येणारे एक माणूस यांत निवड करायची असेल तर मी दुसऱ्याची करीन.

घुमटनाद

परिचारिकाताई, तुमचे बोलणे लागले, कारण आम्हीही तसेच गेलो होतो. आमचे घुमट आरतीचे पथक आहे. घुमट म्हणजे तोंडाला चामडे लावलेले मडक्याचे वाद्य. तीन वर्षांपूर्वी चवथीच्या दिवसांत एका आश्रमात आरत्या म्हणायला गेलो. आरती संपल्यावर टाळ्या झाल्या, पण कोपऱ्यात बसलेले एक आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी सांगितले की शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) दोनदा चुकले आणि कांसाळें (मोठे टाळ) त्याच्यामागे फरफटत गेले. मी म्हटले, दाखवा. त्यांच्या हातात घुमट दिले. बोटे संधिवाताने वाकलेली होती, डाव्या तळव्याने मडक्याचे तोंड झाकताना थरथरत होती, पण पहिल्या दोन मात्रांतच आम्हाला कळले की हा माणूस वेगळा आहे. हे चामडे बकऱ्याचे आहे, घोरपडीच्या चामड्याचा नाद वेगळा होता, असे ते म्हणाले. घोरपड मारणे आता कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे, हे त्यांनाही मान्य होते. नादाची आठवण मात्र त्यांना होती.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण त्यांच्याकडे शिकायला जातो. त्यांना भेटायला जातो असे आम्ही म्हणत नाही, कारण ते खरे नाही. आणखी दोन म्हातारे आता हाताने ताल धरून बसतात आणि चुकले की ओरडतात.

आडनदी

सगळे वाचले. एक बाजू राहिली आहे ती मांडते. माझ्या आत्याने लग्न केले नाही. ती पोस्टात नोकरी करून निवृत्त झाली आणि स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने आश्रमात राहायला गेली. तिला पुस्तक, रेडिओ आणि दुपारची झोप हवी होती. पण ती एकटी बसलेली दिसली की कोणीतरी येऊन तिला अंताक्षरीला नेऊन बसवत असे. एकटे असणे आणि एकटेपणा यांत फरक आहे, तो करायला कर्मचाऱ्यांना वेळ नसतो. आत्याने व्यवस्थापनाकडे एकच गोष्ट मागितली, कुलूप लावता येईल असे एक कपाट. ते मिळाल्यावर तिच्या स्वभावात फरक पडला. आपले दार बंद करता येते हे कळल्यावर तिने ते आपण होऊन उघडायला सुरुवात केली आणि शेजारच्या बाईंना चहाला बोलावू लागली. तेव्हा ताई, आईंना तिथे स्वतःची अशी जागा किती आहे, हेही पाहा.

कुळागर

मी सुरुवातीला जे लिहिले ते घाईचे होते. रीत नव्हती, हेही पूर्ण खरे नाही, हे आता लक्षात येते. प्रोव्हेदोरियाची घरे आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आहेत आणि ती संस्था आजही सरकारतर्फे वृद्धाश्रम चालवते. आमच्या लहानपणी "तो प्रोव्हेदोरियांत गेला" हे वाक्य हलक्या आवाजात बोलले जाई, एवढेच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसे ८.६ टक्के होती आणि गोव्यात ११.२ टक्के, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे इतरांच्या आधी आलेला आहे. हलक्या आवाजात बोलून तो सुटणार नव्हता.

न्यायवाचक

मी वकिली करतो. इथे अजून कोणी न काढलेला एक विषय काढतो. माझ्याकडे एकदा सत्तरी ओलांडलेले एक विधुर आणि एक विधवा आले. दोघे एकाच वृद्धाश्रमात राहत होते. सकाळचा चहा बरोबर घेत, संध्याकाळी अंगणात बरोबर चालत. लग्न करावे की नुसते बरोबर राहावे हे विचारायला ते आले होते. पुढच्या भेटीपूर्वीच बाईंच्या मुलांनी त्यांना दुसऱ्या आश्रमात हलवले. गृहस्थ नंतर एकटेच येऊन फी द्यायला लागले. मी ती घेतली नाही.

मुलांची भीती बहुधा मालमत्तेची असते. गोव्याच्या दिवाणी कायद्यात, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. पण पहिल्या लग्नाची मुले असताना दुसरे लग्न केल्यास वेगळे नियम लागतात, आणि मुलांना वारशातून पूर्णपणे वगळता तर सहसा येतच नाही. म्हणजे मुलांना वाटते तेवढे त्यांचे नुकसान होत नाही. आधी सल्ला घेऊन कागद नीट करता येतात. दुसरी अडचण निवृत्तिवेतनाची. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे मुले असलेल्या विधवेने पुनर्विवाह केला तर तिचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबते. त्या बाई याच कारणाने लग्नाला कचरत होत्या.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची व्याख्या अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार अशी केलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याविषयीचे कलमही त्यात आहे, आणि तिथल्या सेवांत वैद्यकीय देखभाल व मनोरंजनाची साधने यांचा उल्लेख आहे. कायदा तिथे थांबतो. हॉलमध्ये टीव्ही लावला की कायद्याचे समाधान होते.

परिचारिका

न्यायवाचक, अशा जोड्या मी तीन पाहिल्या. त्यांतल्या एकाही जोडीला लग्न नको होते. त्यांना फक्त जेवायला शेजारी बसायचे होते. आम्ही कर्मचारी त्यांना हसत असू. आज त्याची लाज वाटते.

आणखी एक उपयोगाची माहिती. ज्यांच्याकडे कोणीच येत नाही किंवा ज्यांची आबाळ होताना दिसते, अशा वृद्धांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार असलीच पाहिजे असे नाही, नुसते बोलायलाही फोन करता येतो. हा क्रमांक आश्रमाच्या फलकावर ठळक लिहायला सांगा.

मांडवीकाठ

दोन महिन्यांनी परत लिहिते आहे. तुम्हा सर्वांचे प्रतिसाद मी छापून पर्समध्ये ठेवले होते.

आईच्या दोन्ही कानांत मळ होता. तो काढल्यावर तिने पहिली तक्रार केली ती शेजारच्या खोलीतल्या घोरण्याची. खुर्च्यांविषयी व्यवस्थापकांशी बोलले, तेव्हा झाडू मारायला अडचण होते असे उत्तर मिळाले. आता हॉलमध्ये नाही, पण व्हरांड्यात एक टेबल मिळाले आहे. एवढ्यावर सध्या थांबले आहे.

तारवटींचे वाचून मी आठवत बसले की आईला काय येते, जे मला येत नाही. ती अबोलीच्या फाती, म्हणजे केळीच्या दोरात ओवलेले गजरे, फार सुंदर करते. मी आता बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा घेते, म्हापशाच्या बाजारातून अबोलीची फुले आणि केळीची सुकी सोपटे घेते आणि तीन वाजता पोचते. पावसात अबोली थोडी येते आणि महाग मिळते, पण मिळते. पहिल्या बुधवारी आई एकटीच ओवत होती. दुसऱ्या बुधवारी पलीकडच्या खोलीतल्या एक बाई, ज्या सहा महिन्यांत आईशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सोपट असे कोरडे चिरत नाहीत, ते आधी भिजवायचे असते. त्या ख्रिस्ती आहेत, हळदोण्याच्या. त्यांच्या आईच्या घरासमोर खुरीस (क्रूस) होता आणि त्याला त्या लहानपणी हार घालत असत. आता त्या दोर काढतात आणि आई ओवते. एक फात देव्हाऱ्याला जाते आणि एक फाटकाजवळच्या खुरसाला. उरलेल्या फाती काम करणाऱ्या मुली केसांत माळतात.

सगळे ठीक झाले असे मी लिहिणार नाही. "म्हजें अशें कोण ना" हे वाक्य आई अजूनही बोलते, मात्र दर वेळी बोलत नाही. गेल्या आठवड्यात त्या बाईंना छातीत कफ होऊन रुग्णालयात दाखल केले आहे. बल्कांवकाकांचे लिहिणे माझ्या डोळ्यांपुढे होते, म्हणून मी आईला त्याच दिवशी सांगितले. तिला भेटायला जायचे आहे. आश्रमाने लेखी अर्ज मागितला, तो मी दिला आणि परवानगी मिळाली. परवा बुधवारी घेऊन जाते. आणखी काय काळजी घ्यावी?

बल्कांव

ताई, त्यांना घेऊन जाताय हे फार बरे करता आहात. बोलणे झाले नाही तरी चालेल, हात धरून बसू द्या.

परिचारिका

भेटीची वेळ आधी फोन करून विचारून घ्या. प्रवेशद्वारापाशी चाकांच्या खुर्च्या थोड्याच असतात, म्हणून लवकर पोचा. आईंच्या तोंडाला मास्क लावा. आणि फात नेणार असाल तर नेऊ नका, पुष्कळ वॉर्डांत फुले आत नेऊ देत नाहीत.

मांडवीकाठ

आईला सांगितले. ती म्हणाली, "फुलां नाकात जाल्यार सोपट व्हरूंया. पडून पडून दोर काडटली ती." म्हणजे, फुले नको असतील तर सोपट नेऊ या, पडल्या पडल्या ती दोर काढील. आज रात्रीच ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला तिने मला बजावले आहे.